दहा दिवसांची मुदत

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन-तीन वेळा लिहायला बसलो आणि उठलो. आज म्हटलं, लिहून टाकू या. विषय जरा विचित्र आहे. मेल्यानंतर आत्म्याचं काय होतं, आणि तेही खर्‍या माणसांच्या नाही, तर फाशांनी खेळायच्या एका खेळातल्या माणसांच्या. हसू नका. मीही आधी हसलोच होतो.

यंदा गणपतीला गावी गेलो होतो. आमचं नांदगाव म्हणजे सिंधुदुर्गातलं, कणकवली तालुक्यातलं. (नाशिककडचं नव्हे आणि मुरुडजवळचंही नव्हे. दर वेळी सांगावं लागतं.) मुंबई-गोवा हायवेवरून देवगडला वळायचा तिठा जिथे आहे, ते. आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, पण बाजारात मासे देवगड-मालवणचे येतात म्हणून आम्ही स्वतःला किनार्‍यावरचेच समजतो. असो.

पाच दिवसांचा गणपती. घरात लहानमोठी पंचवीसेक माणसं, बाहेर धो-धो पाऊस, आणि दुसर्‍याच दिवशी दुपारी लाईट गेली ती रात्रीपर्यंत आलीच नाही. मोबाईल एकेक करून मेले आणि पोरं अक्षरशः सैरभैर झाली. तेव्हा पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने बॅगेतून एक कापडी पिशवी काढली. त्यात चार कोनांपासून वीस बाजूंपर्यंत सगळ्या आकाराचे फासे. पडवीत सतरंजी टाकली, कंदील मधे ठेवला आणि पोरांना म्हणाला, 'या, एक गोष्ट खेळू या.'

तो खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली काढलेला हा खेळ. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रं. सूत्रधार सांगतो, 'समोर जंगल आहे, आतून आवाज येतोय', आणि पात्रं सांगतात आम्ही काय करतो. जमलं की नाही ते फासा ठरवतो. लिहिलेले संवाद नाहीत, कथा तोंडातोंडी पुढे सरकते. आमच्या म्हातार्‍या काकीने थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, 'ह्यो खंयचो दशावतार रे?' मला वाटतं याहून नेमकी व्याख्या मला करता आली नसती. आमच्याकडच्या दशावतारातही संहिता नसते, कथानक ठरलेलं असतं आणि राजा-राक्षस-नारद उभ्या उभ्या बोलत जातात. फक्त तिथे फासा नसतो.

खेळायला चौघं. माझ्या दोन पुतण्या, शेजारचा एक मुलगा आणि आमचा बारक्या. बारक्या म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा, वय वर्षं तेरा. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आषाढात, अचानक. माझ्यापेक्षा वर्षाने लहान होता. त्याच्याबद्दल इथे पूर्वी कधी लिहिलं नाही, आणि आजही फार लिहिणार नाही. (भावजयीला विचारूनच हे टाकतोय. ती म्हणाली, 'लिवा, पण माका रडवू नको.')

खेळात पोरांनी जंगलातून जायला एक वाटाड्या भाड्याने घेतला. भाच्याने त्याचा आवाज असा काही काढला, घोगरा, तंबाखू खाल्ल्यासारखा, की पोरं त्या वाटाड्याच्या प्रेमातच पडली. बारक्या तर विशेष. तंबू कुठे ठोकायचा, झर्‍याचं पाणी पिऊ की नको, सगळं वाटाड्याला विचारून. आणि तिसर्‍या दिवशी संध्याकाळी या वाटाड्याला अर्धं घुबड आणि अर्धं अस्वल असलेल्या एका प्राण्याने मारलं. फासाच तसा पडला. भाच्याचाही चेहरा उतरला, पण फासा सगळ्यांसमोर टाकलेला, करणार काय?

मग सुरू झाली चर्चा: याला जिवंत कसं करायचं?

मी बाजूला झोपाळ्यावर पेपर घेऊन बसलो होतो. कान अर्थातच तिकडे. आणि मला कळलं की या खेळात मरणाचा सगळा हिशेब मांडून ठेवलेला आहे, अगदी दरपत्रकासकट. मरून एक मिनिट झालं नसेल तर तीनशे सुवर्णनाण्यांचे हिरे लागतात. दहा दिवसांच्या आत पाचशे नाण्यांचा एक हिरा. शंभर वर्षांच्या आत हजार नाण्यांचा. आणि पंचवीस हजार नाण्यांचे हिरे असतील तर दोनशे वर्षांपूर्वी मेलेला, देहाचा तुकडाही शिल्लक नसलेला माणूसही परत येतो. म्हातारपणाने गेला असेल तर मात्र यातले बहुतेक मंत्र चालत नाहीत. काकीला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, 'पाचशेत जिवंत? डॉक्टर ह्याच्यापरास जास्ती घेतत.'

पोरांकडे पाचशेचा एक हिरा होता, कुठल्याशा गुहेत मिळालेला. देवळातला पुजारी तीन दिवसांच्या वाटेवर. मुदत दहा दिवसांची. तुमच्या लक्षात आलं असेलच, माझ्याही आलं. दहा दिवस. विस्कॉन्सिनमधल्या कुणा माणसांनी सुरू केलेल्या खेळात हा आकडा कुठून आला असेल देव जाणे (पूर्वीच्या आवृत्त्यांत तो पुजार्‍याच्या पातळीवर अवलंबून असायचा), पण आपल्याकडे कुठल्याही घरात विचारा, आत्मा दहा दिवस घराभोवती असतो. रोज एक पिंड, आणि त्या पिंडातून त्याला नवा देह अवयवा-अवयवाने मिळत जातो असं गरुडपुराण सांगतं. आधी डोकं, शेवटी भूक आणि तहान. दहाव्या दिवशी कावळा.

पण खेळाच्या नियमात एक वाक्य आणखी होतं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं. आत्मा मोकळा असला पाहिजे आणि त्याची परत यायची इच्छा असली पाहिजे.

बारक्या म्हणाला, 'इच्छा आहे की नाही, ते कसं कळणार?'

भाचा म्हणाला, 'मेलेल्याशी बोलायचा मंत्र आहे. पाच प्रश्न विचारता येतात.'

पोरं सहाव्या दिवशी देवळात पोचली (खेळातल्या सहाव्या) आणि पाच प्रश्नांचा मंत्र लावला. पहिले चार प्रश्न पोरांनी वाया घालवले: तुझं नाव काय, तुला कुणी मारलं (हे यांना माहीत होतं!), तुझा घोडा कुठे आहे, आणि दुखतंय का. पाचवा प्रश्न बारक्याने विचारला. 'तुला परत यायचंय का?'

भाचा जरा थांबला. मग म्हणाला, 'उत्तर येत नाही. कारण या मंत्राने आत्मा येत नाही. फक्त देहात उरलेली आठवण बोलते. मरेपर्यंतचं तिला माहीत आहे, पुढचं काही माहीत नाही.'

'मग आम्ही ठरवायचं कसं?'

'तो कशासाठी परत येईल, ते तुम्ही सांगा. तुम्ही काय देताय त्याला?'

पोरं विचारात पडली. एक पुतणी म्हणाली, 'त्याच्या घोड्याला आम्ही नीट सांभाळू.' दुसरी म्हणाली, 'त्याचा पगार दुप्पट करू.' आणि बारक्या एकदम म्हणाला, 'म्हणजे कावळ्यासारखंच ना? माझ्या बाबांच्या वेळी कावळा येत नव्हता. मग काकांनी सांगितलं, कलमं विकणार नाही, तेव्हा आला.'

पडवीत एकदम शांतता. पेपर माझ्या तोंडासमोरच होता म्हणून बरं.

तेवढ्यात आरतीची वेळ झाली आणि खेळ तिथेच राहिला. आरतीत मी टाळ वाजवत होतो पण लक्ष कुठे होतं ते सांगायला नको. कारण त्याच दिवशी सकाळी, जेवणाआधी, माजघरात बसून आम्ही मोठ्या माणसांनी ती कलमं विकायचं जवळजवळ नक्की केलं होतं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर आम्ही खलनायक वाटू. हायवेजवळ आमची चाळीसेक हापूसची कलमं आहेत, भावाने लावलेली आणि वाढवलेली. रस्ता चौपदरी झाला आणि त्या तुकड्याला भाव आला. तिथे कुणाला तरी हॉटेल काढायचंय. बाग करायला आता माणूस नाही. थ्रिप्स, अवेळी पाऊस, फवारणीचा खर्च, मोहर गळणं.. मागच्या दोन हंगामात खर्च वजा जाता हातात काय आलं ते विचारू नका. भावजय अंगणवाडीत काम करते. बारक्याला दहावीनंतर बाहेर ठेवायचं तर पैसे लागणार. विकू या असं पहिल्यांदा तीच म्हणाली, मी नाही. सातबारावर नाव सामाईक, म्हणून माझी सही लागते, इतकंच.

आणि तो दहावा दिवस. व्हाळाच्या काठी आम्ही तीसेक माणसं उभी होतो. पाऊस नेमका उघडलेला आणि ऊन चढत चाललेलं. पिंड ठेवून तास झाला. कावळे पलीकडच्या आइनावर बसलेले, पण एकही खाली येईना. भटजींना पुढे दुसर्‍या गावात जायचं होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. कुणीतरी म्हणालं, 'बायकोक सांभाळू म्हणा.' म्हटलं. कुणी म्हणालं, 'पोराच्या शिक्षणाचा बोला.' बोललो. मी स्वतः बोललो, हात जोडून, मोठ्याने: बारक्याच्या शिक्षणाची काळजी करू नको, मी बघतो. कावळे जागचे हलले नाहीत. भटजी म्हणाले, 'दर्भाचो कावळो करूया.' आणि ते मला का कोण जाणे सहन झालं नाही. मी म्हणून गेलो, 'तुझी कलमं विकणार नाही.' मनापासून म्हटलं असंही नाही, खोटं म्हटलं असंही नाही. उन्हात उभं राहून माणूस बोलतो तसं. दोन मिनिटांत कावळा आला.

मी नास्तिक नाही आणि फार आस्तिकही नाही. कावळ्याला भूक लागते हे मला कळतं. पण बारक्या तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि माझ्या शेजारी, ओल्या पंचात उभा होता. त्याच्या हिशेबात ती सरळ सरळ देवाणघेवाण झाली. बाबा जायला तयार नव्हते, काकांनी शब्द दिला, बाबा तयार झाले.

त्या रात्री झोप आली नाही. शेजारी भाचा जागाच होता, मोबाईल चार्ज होईपर्यंत. मग मी त्याला विचारत बसलो, तुमच्या या खेळात मेल्यावर पुढे काय? वाटलं, दोन वाक्यांत संपेल. पोराने दीड वाजवला.

तर त्याची जुनी व्यवस्था अशी. गायगॅक्सने १९७७ साली 'ड्रॅगन' मासिकात या खेळाच्या परलोकांचा पहिला आराखडा मांडला आणि पुढे त्याचं एक मोठं चक्र झालं. माणूस सज्जन की दुर्जन, शिस्तीचा की मनमौजी, यावरून त्याचं ठिकाण ठरतं. सज्जन आणि शिस्तशीर तर एकीकडे, दुष्ट आणि बेबंद तर पार दुसर्‍या टोकाला, मधे सगळ्या छटा. मेलेला तिथे पोचतो तेव्हा त्याला मागचं काहीच आठवत नाही. नवा देह, कोरी पाटी. तिथे राहता राहता तो त्या लोकाशी इतका एकरूप होतो की शेवटी त्यातच विरून जातो. दुर्जनांच्या वाट्याला आणखी वाईट. तिथले सैतान आत्म्यांचा व्यापार करतात, चक्क चलनासारखा. मला आपला नोटाबंदीचाच विचार आला.

'फरगॉटन रेल्म्स' नावाचं त्यांचं जे सगळ्यात प्रसिद्ध जग आहे (एड ग्रीनवुडचं, १९८७ साली खेळासाठी बाजारात आलं), तिथे आणखी गंमत. मेल्यावर सगळे एका राखाडी मैदानावर जमतात आणि आपापल्या देवाचा दूत न्यायला येईपर्यंत वाट बघत बसतात. थोडक्यात, एसटी स्टँड. ज्याची गाडी आली तो गेला. ज्यांनी देवाशी दगाबाजी केली त्यांचा निवाडा केलेमव्हॉर नावाचा मृत्यूचा देव करतो. हा केलेमव्हॉर आधी साधा माणूस होता, नंतर देव झाला. आणि ज्यांनी आयुष्यभर कुठलाच देव मानला नाही, त्यांना न्यायला कुणीच येत नाही. त्यांना एका भिंतीत चिणतात. जिवंत भिंत, आणि त्यात ते हळूहळू विरघळून नाहीसे होतात.

मी म्हटलं, 'हा अन्याय आहे.' भाचा म्हणाला, 'मामा, खेळणार्‍यांनाही तसंच वाटतं.' या भिंतीवरून लोक वर्षानुवर्षं भांडत आले. २००७ साली एक कॉम्प्युटर गेमच तिच्यावर निघाला, त्यात तुम्ही त्या भिंतीविरुद्ध उठाव करता. आणि २०२० साली कंपनीने एका पुस्तकाच्या दुरुस्तीत भिंतीचा उल्लेख गुपचूप काढून टाकला. परलोकाला शुद्धिपत्रक! आपल्याकडे कुणी गरुडपुराणाचं काढेल काय?

एबेरॉन नावाचं त्यांचं आणखी एक जग आहे, २००४ सालचं. तिथे निवाडाच नाही. सज्जन, दुर्जन, सगळे एकाच उदास ठिकाणी जातात आणि एकेक आठवण गळत जाते. पुढे काय, ते तिथल्या देवभक्तांनाही नक्की माहीत नाही. भाच्याला हे जग सगळ्यात आवडतं म्हणे. वय वर्षं वीस. त्याचं ठीक आहे.

आपले देवही त्यांनी सोडलेले नाहीत. १९८० साली आलेल्या त्यांच्या देवदेवतांच्या पुस्तकात ग्रीक आणि इजिप्शियन देवांबरोबर आपले इंद्र, अग्नी, वरुणही आहेत, आणि प्रत्येकाला ठोकून काढायला किती मार लागेल त्याचे आकडे. काकीला हे अजून सांगितलेलं नाही.

आपण तरी वेगळं काय केलं म्हणा. मोक्षपट आठवतो? सापशिडीचा मूळ पुरुष. कवड्या टाकायच्या, पुण्याच्या शिडीने वर, पापाच्या सापाने खाली, जन्ममरणाचे फेरे घेत शेवटी वैकुंठ. ज्ञानेश्वरांनी तो केला असं परंपरा सांगते. अशा पटांवर कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसेन यांनी प्रबंध लिहिला, २०१९ साली, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम भारतातल्या पटांवर. म्हणजे फासे टाकून परलोकात जायची आपली सवय जुनीच. फक्त आपल्या पटावर मेलेला माणूस मागे वळून हिरे मागत नाही.

पण अंथरुणावर पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात फिरत राहिली. त्यांच्या त्या चक्रात तुम्ही कोण होतात यावर सगळं ठरतं. आपल्या गावाकडच्या भुतांची यादी काढून बघा. मुंज्या कोण? मुंज झाली पण लग्न व्हायच्या आधी गेलेला. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली. गिर्‍हा पाण्यात बुडून गेलेला. समंध हा संपत्तीत जीव अडकलेला, नाहीतर मागे पाणी द्यायला कुणी नसलेला. यात सज्जन-दुर्जन कुठेच नाही. काय अर्धं राहिलं, एवढंच. आणि ते अर्धं पुरं करायचं कुणी? मेलेला तर करू शकत नाही. म्हणजे त्यांच्याकडे मेलेल्याची परीक्षा, आणि आपल्याकडे मागे राहिलेल्यांची.

त्यांचा मेलेला पोचताक्षणी सगळं विसरतो, आपला तर विसरायलाच तयार नसतो. दहा दिवस त्याला सगळं आठवतं: बायको, पोर, कर्ज, कलमं. बाराव्या दिवशी सपिंडीत त्याचा पिंड तीन भाग करून बाप, आजा, पणजाच्या पिंडांत मिसळतात, तेव्हा कुठे तो प्रेत राहत नाही, पितर होतो. तोही विरूनच जातो म्हणा, पण स्वतःच्या माणसांत. मला हे एरवी कधी इतकं लख्ख दिसलं नव्हतं. सपिंडीला मी भावाच्या वेळी बसलो होतो बारक्याच्या मागे, त्याच्या हाताला हात लावून, आणि तेव्हा माझ्या डोक्यात फक्त केटरिंगवाल्याचे पैसे होते.

कुणी म्हणेल, आरवलीचा वेतोबा बघा, तो तर भुतांचा राजा, म्हणजे तुमचा केलेमव्हॉरच. पण वेतोबा निवाडा करत नाही. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला हातभर लांबीच्या वहाणा वाहतात. आणि केळीचे घड. आमच्या बाजूला देव आधी राखणदार, न्यायाधीश नंतर. काही विचारायचं असलं तर कौल लावतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखसुद्धा पंचांगात नसते, देवीला विचारूनच ठरते. मात्र कौलात 'तुमचं काय ठरलं होतं' असं देव उलट विचारत नाही. ते तेरा वर्षांची पोरं विचारतात.

दुसर्‍या दिवशी सकाळी परसात बारक्या दात घासत उभा होता. मी म्हटलं, 'काल तू खेळात म्हणालास ते..'

'काय?'

'कावळ्याचं.'

'हां.' चूळ भरली. 'काका, कलमं विकणार ना?'

म्हणजे त्याला माहीत होतं. पंचवीस माणसांच्या घरात माजघरातलं बोलणं परसापर्यंत पोचायला किती वेळ लागतो?

मी म्हटलं, 'अजून ठरलं नाही.' हे खोटंच होतं, नव्वद टक्के.

तो म्हणाला, 'आई म्हणते, शिक्षणाचंपण तुम्ही कावळ्याला सांगितलं होतं. मग त्यातलं कुठलं खरं धरायचं? कावळा दुसर्‍याला आला ना.'

मला उत्तर सुचलं नाही. वकिलालाही सुचलं नसतं. तेरा वर्षांच्या पोराने दोन्ही कलमं (म्हणजे करारातली) बरोबर समोरासमोर ठेवली होती. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरोखरच विचारत होता, नियम काय आहे म्हणून, जसं आदल्या संध्याकाळी भाच्याला विचारत होता. भाच्याकडे निदान पुस्तक तरी आहे.

नंतर भावजयीशी बोललो. स्वयंपाकघरात ती काळ्या वाटाण्याचं सांबारं ढवळत होती. म्हणाली, 'ते असते तर त्यांनीच विकली असती, पोरासाठी.' शक्य आहे. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, आणि मलाही ते शक्य वाटतं. पण त्याच क्षणी हेही आठवलं की, पहिल्या वर्षी कलमं जगावी म्हणून तो मे महिन्यात खांद्यावर कावड घेऊन पाणी घालायचा आणि मी मुंबईहून सुट्टीला येऊन त्याला हसायचो. देहात उरलेली आठवण बोलते, आत्मा येत नाही. भाच्याचा नियमच बरोबर म्हणायचा. आम्ही दोघं त्याच्याबद्दल जे काही बोलत होतो ते मरेपर्यंतचंच होतं. पुढे त्याचं काय मत झालंय, कुणास ठाऊक.

एक तोडगा मी सुचवला. निम्मा तुकडा, हायवेलगतचा, द्यायचा आणि मागची कलमं ठेवायची. भावजय म्हणाली, घेणारा निम्मा घेणार नाही. बहुतेक खरं आहे. दुसरा तोडगा म्हणजे शिक्षणाचे पैसे मी द्यायचे, जसं मी व्हाळाकाठी मोठ्याने म्हणालो होतो. हा तोडगा मी सुचवला नाही. मनात आला, पण माझ्या स्वतःच्या मुलीचं शेवटचं वर्ष, घराचे हप्ते.. जाऊ दे. मनात आला आणि मी सुचवला नाही, एवढं इथे लिहून ठेवतो. आत्या, तू हे वाचत असशील तर फोन करून ओरडू नकोस, मला माहीत आहे.

संध्याकाळी विसर्जनाआधी पोरांनी खेळ पुन्हा काढला, पण अर्ध्या तासात गणपती उठवायची वेळ झाली. तेवढ्या वेळात पुजारी हिरा मागत होता आणि बाकीची तिघं 'देऊन टाक' म्हणत होती. बारक्याने दिला नाही. म्हणाला, आधी काय सांगायचं ते नक्की करू, नंतर बदलता येणार नाही. पुतण्या वैतागल्या. भाचा म्हणाला, चालेल, दिवाळीत पुढे खेळू.

परत येऊन आठवडा झाला. एजंटचे दोन मिस्ड कॉल आहेत, मी अजून उलट केलेला नाही. म्हाळाला आमच्यातलं कुणीतरी गावी जाईलच, बहुधा मीच. भाच्याला काल विचारलं, दिवाळीपर्यंत मधले दिवस खेळात धरायचे का? नाही म्हणाला, खेळ थांबला की घड्याळ थांबतं. सहा दिवस झालेत, चार उरलेत. हिरा बारक्याकडे आहे.